‘स्ट्राइक’ : एका इंग्रजी क्रियापदाची कुळकथा

भाषेवर बोलण्याचा अधिकार पंडितांचा. आम्ही पंडित नव्हे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे इंग्रजी आम्ही कारखान्याच्या फाटकावर लागणाऱ्या नोटिसा वाचून आणि जुन्या बाजारात मिळालेल्या एका फाटक्या कोशाच्या आधाराने शिकलो. परंतु युनियनचे काम करणाऱ्या माणसाला शब्दांचे अर्थ नीट कळावे लागतात. विद्यार्थ्याने अर्थ चुकवला तर त्याचे दोन गुण जातात. आमच्या धंद्यात अर्थ चुकला तर कुणाच्या तरी घरची चूल विझते. म्हणून ज्या इंग्रजी क्रियापदाशी आमचा सारा जन्म संबंध आला, त्या ‘स्ट्राइक’ ह्या शब्दाविषयी चार गोष्टी श्रोत्यांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

हा शब्द आता मराठी घरात परका राहिलेला नाही. कॅरम खेळणाऱ्या पोराच्या हातात स्ट्रायकर असतो. क्रिकेटमध्ये एक फलंदाज स्ट्राइकवर असतो, दुसरा पलीकडे उभा राहून धावेची वाट पाहतो. लढाईच्या बातम्यांत ‘एअर स्ट्राइक’ म्हणजे विमानांनी केलेला हल्ला. आणि कारखान्याच्या फाटकावर ‘स्ट्राइक’ म्हणजे संप. आता गंमत पाहा. पहिल्या तीन ठिकाणी कोणीतरी कशावर तरी आघात करतो आहे, किंवा करण्याच्या तयारीत आहे. चौथ्या ठिकाणी मात्र कोणी कोणाला मारीत नाही. उलट, जे हात एरवी दिवसभर हातोडा मारतात तेच हात त्या दिवशी घडी घालून बसतात. मारण्याचा शब्द न मारण्याला कसा लागला, हा प्रश्न आम्हांला तरुणपणी फार छळीत असे. त्याचे उत्तर शब्दाच्या कुळात सापडते.

जुन्या इंग्रजीत ह्या धातूचा मूळ अर्थ मारणे हा नव्हताच. हळुवार हात फिरवणे, घासणे, सपाट करणे, सरकत पुढे जाणे, असे त्याचे सौम्य अर्थ होते. मांजराच्या पाठीवरून हात फिरवण्यास इंग्रजीत ‘स्ट्रोक’ म्हणतात. तो शब्द ह्याचाच सख्खा भाऊ. जर्मन भाषेत ‘श्ट्राइखेन’ हे त्याच घराण्यातले क्रियापद आजही हात फिरवणे, रंग लावणे, खोडणे आणि खाली उतरवणे अशा अर्थांनी वापरात आहे. मारण्याचा अर्थ इंग्रजीत मागाहून, चौदाव्या शतकाच्या सुमारास रूढ झाला. म्हणजे शब्द आधी हात फिरवणारा होता, पुढे हात उगारणारा झाला. ह्या एका धाग्यावरून चालत गेले की त्याचे पुष्कळसे अर्थ आपोआप तीन ढिगांत वेगळे पडतात.

पहिला ढीग हात फिरवण्याचा. धान्याचे माप शिगेपर्यंत भरले म्हणजे वरून एक फळी फिरवून माप सपाट करतात. ह्या फळी फिरवण्यास इंग्रजीत स्ट्राइकच म्हणत. हिशेबनीस जमा आणि खर्च ह्यांची बाकी काढतो, त्यासही ‘बॅलन्स स्ट्राइक करणे’ म्हणतात. त्यावरूनच दोन बाजूंचा समतोल साधणे हा अर्थ आला. काडेपेटीची काडीही इंग्रज स्ट्राइक करतो. आपण ती मारीत नाही, ओढतो किंवा घासतो. आणि शब्दाच्या मूळ अर्थाशी ह्या बाबतीत मराठीच अधिक प्रामाणिक आहे. लिहिलेल्या ओळीवरून लेखणी फिरवली की ओळ खोडली जाते. त्यासही स्ट्राइक हाच शब्द. पुढे ‘आउट’ किंवा ‘ऑफ’ जोडतात. न्यायालयाने एखादा कायदा घटनाबाह्य ठरवून रद्द केला तर तेथे ‘डाउन’ जोडतात.

येथे मराठीशी एक विलक्षण गाठ पडते. पूर्वी आपल्याकडे पोथीत चुकलेले अक्षर बुजवण्यासाठी त्यावर हरताळ नावाचे पिवळे द्रव्य फाशीत. त्यावरून ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार निघाला. दुसरा हरताळ म्हणजे दुकाने बंद ठेवून केलेला निषेध. तो ‘हट्ट’ म्हणजे दुकान आणि ‘ताळ’ म्हणजे कुलूप ह्यांवरून आला. रौलट कायद्याविरुद्ध ६ एप्रिल १९१९ रोजी देशभर झाला तो हा हरताळ. एक संस्कृत ‘हरिताल’ पासून, दुसरा बाजारातून. दोघांचे कूळ वेगळे, पण मराठीत येऊन दोघे एकाच नावाने नांदू लागले. खोडणे आणि काम बंद ठेवणे हे दोन अर्थ इंग्रजीत एका ‘स्ट्राइक’च्या पोटात आहेत, आणि मराठीत योगायोगाने एका ‘हरताळा’च्या पोटात.

दुसरा ढीग खाली उतरवण्याचा. जहाजाचे शीड उतरवणे, तंबू पाडून मुक्काम हलवणे, निशाण खाली घेणे, ह्या सर्वांस स्ट्राइक म्हणतात. आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर ह्याच ढिगात आहे.

१७६८ साल. इंग्लंडात धान्य महाग झालेले, मजुरी मात्र जिथल्या तिथे. त्या वर्षी सन्डरलंड बंदरात खलाशी एकत्र जमले, भर चौकात त्यांनी आपली गाऱ्हाणी वाचून दाखवली, आणि मग बंदरातील एकेका जहाजावर चढून शिडांचे आडवे दांडे खाली उतरवले. त्याच वसंतात लंडनच्या थेम्स नदीतही खलाशांनी हाच मार्ग धरला. दांडा खाली आला की शीड नाही, शीड नाही की वारा असून उपयोग नाही, आणि जहाज जागचे हलत नाही. माल भरलेला, मालक काठावर, नि जहाज उभे! ह्या कृतीस खलाशांच्या बोलीत जो शब्द होता तो ‘स्ट्राइक’. त्याच वर्षी लंडनच्या टोप्या करणाऱ्या कारागिरांनी मजुरी वाढेपर्यंत काम करणार नाही असे ठरवले, तेव्हा त्यांच्या बाबतीतही हाच शब्द छापला गेला. टोपीवाल्यांपाशी उतरवायला शीड कोठले? पण शब्द तोवर जहाजावरून जमिनीवर उतरला होता, तो पुन्हा जहाजावर गेला नाही.

तेव्हा संपातल्या ‘स्ट्राइक’चा उगम तडाख्यात नाही, उतरवलेल्या शिडात आहे. ही गोष्ट केवळ कोशात ठेवण्याची नाही. संप म्हटला की दगडफेक, काठ्या, डोकी फुटणे असे चित्र पुष्कळ सभ्य लोकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते, आणि त्या चित्राला हा शब्दही थोडा हातभार लावतो. त्या मंडळींना आमचे सांगणे असे की शब्दाने काठी उगारलेलीच नव्हती. त्याने दोरी सैल केली होती.

ह्याच ढिगात एक उलटा अर्थही आहे. लढाईत जहाजाने आपले निशाण स्ट्राइक केले म्हणजे ते शत्रूला शरण गेले. समुद्रात बलवानाची गाठ पडली तर शीड खाली घेऊन मुजरा करण्याचीही रीत होती. एकच क्रिया, पण एका प्रसंगी ती शरणागती आणि दुसऱ्या प्रसंगी नकार. फरक क्रियापदाने केला नाही. काय उतरवले, आणि कोणाच्या इच्छेने उतरवले, ह्याने केला.

तिसरा ढीग आघाताचा, आणि तो सर्वांत मोठा. घड्याळ स्ट्राइक करते म्हणजे ठोके देते. वीज स्ट्राइक करते म्हणजे कोसळते. टाकसाळीत नाणे स्ट्राइक करतात. आपण नाणे पाडतो. सौदाही स्ट्राइक करतात, कारण सौदा पटला म्हणजे हातावर हात मारण्याची चाल होती. ती आपल्या बाजारांनाही नवी नाही. खाणीत सोने किंवा तेल लागले तर ते स्ट्राइक करणे. मनात एकाएकी विचार आला तर तो विचार माणसाला स्ट्राइक करतो. आपल्याकडे विचार सुचतो, चमकून जातो. ह्याच क्रियापदाचे भूतकाळी रूप ‘स्ट्रक’ आणि त्याच्याच जोडीचे जुने विशेषण ‘स्ट्रिकन’. हे दुसरे रूप दुष्काळाने, रोगाने, भीतीने ग्रासलेल्या माणसाला लावतात. आपले ‘ग्रस्त’ तेथे बरोबर बसते.

एवढे अर्थ पाहून कोणी इंग्रजीला नावे ठेवू नयेत. आपले ‘मारणे’ काय कमी आहे? आपण गप्पा मारतो, उडी मारतो, शिक्का मारतो, शिट्टी मारतो, मजल मारतो, धंदा बसला की माशा मारतो. आणि ह्यांपैकी एकाही ठिकाणी कोणी मरत नाही. कामावर न जाणे ह्यासही आपण ‘दांडी मारणे’ म्हणतो! म्हणजे मारण्याच्या क्रियापदातून काम न करणे हा अर्थ काढण्यात मराठी माणूसही मागे नाही. भेद इतकाच की दांडी एकट्याची असते, संप सर्वांचा असतो.

आता ह्या तीन ढिगांची सरमिसळ झाली म्हणजे काय घडते, ते सांगतो. आमच्या भागातील एका कारखान्यात अकरा वर्षे काम केलेला एक हेल्पर आईच्या आजारपणासाठी गावी गेला. रजेचा अर्ज त्याने दिला होता, मुदत मात्र उलटून गेली. गावच्या पत्त्यावर इंग्रजीतून पत्र आले की तुझे नाव हजेरीपटावरून ‘स्ट्रक ऑफ’ झाले आहे. त्याला पत्रातला एकच शब्द ओळखीचा वाटला, आणि तो त्याने संप ह्या अर्थाने ओळखला. आपल्यावर संप केल्याचा आळ आला आहे असे समजून त्याने गावातल्या एका शिकलेल्या मुलाकडून उत्तर लिहून घेतले : मी संप केलेला नाही, माझा कोणत्याही संपाशी संबंध नाही, मला क्षमा असावी. आईच्या दुखण्याचा त्यात एक शब्द नव्हता, औषधपाण्याचा कागद नव्हता, आणि नाव कमी केल्याबद्दल हरकतही नव्हती. कचेरीने ते उत्तर फायलीला लावले आणि जागा भरून टाकली. तो दोन महिन्यांनी फाटकावर आला तेव्हा त्याला आत घेईनात. पहिल्या ढिगातला शब्द त्याने दुसऱ्या ढिगातला समजून वाचला होता, एवढाच काय तो त्याचा अपराध.

‘नाव खोडणे’ ही फार निरुपद्रवी भाषा आहे. कोणी कोणाला काढले नाही, कोणी कोणाला हाकलले नाही. फक्त एका कागदावरून लेखणी फिरली. पण न्यायालयाने ह्या लेखणीकडे तितक्या भोळेपणाने पाहिलेले नाही. दिल्ली क्लॉथ अँड जनरल मिल्सच्या खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कामगाराचे नाव पटावरून कमी करणे म्हणजे कामगार-कपातच होय. आणि कपात म्हटली की कायद्याच्या अटी आल्या : वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई. त्या न पाळता नुसती लेखणी फिरवून भागत नाही. आमच्या हेल्परचे प्रकरण ह्याच आधारावर उभे राहिले. त्याला परत कामावर घ्यायला सव्वादोन वर्षे लागली, आणि त्या काळातला सगळा पगार काही मिळाला नाही. घरातले दोन दागिने त्या अवधीत गेले. एका क्रियापदाची ही किंमत.

कायद्याने ह्या शब्दाची संपाच्या अर्थी व्याख्याही केली आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तिचा गाभा दोन गोष्टींचा होता : काम थांबले पाहिजे किंवा नाकारले गेले पाहिजे, आणि ते अनेकांनी मिळून, एकमेकांच्या समजुतीने झाले पाहिजे. एकट्याने काम सोडले तर तो संप होत नाही. सर्वांनी सोडले पण आपापल्या कारणाने सोडले, तरीही होत नाही. पुढे २०२० ची औद्योगिक संबंध संहिता आली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने जुना गाभा ठेवला, पण त्यात भर घातली : कारखान्यातील निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा घेतली तर तोही संपच समजला जाईल. म्हणजे वर सांगितलेली दांडी सर्वांनी मिळून मारली की कायद्याच्या दृष्टीने तिचा संप होतो! शिवाय पूर्वी चौदा दिवसांच्या नोटिशीची सक्ती सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरती होती. आता ती सर्व उद्योगांना लागू आहे. इंग्रजीत नोटीस न देता केलेल्या संपाला ‘लाइटनिंग स्ट्राइक’ म्हणजे विजेसारखा संप म्हणतात. ह्या नव्या नियमाने त्या विजेला चौदा दिवस आधी गडगडाट करणे भाग पाडले आहे. हे बरे की वाईट ह्यावर आमची मते आम्ही फाटकावरच्या सभेत मांडतो. येथे फक्त शब्दाचा अर्थ कसा ताणला गेला ते दाखवायचे आहे. कोशातला अर्थ शंभर वर्षांत बदलतो, कायद्यातला एका दिवसात.

इतर भाषांनी ह्याच गोष्टीला काय नाव दिले तेही पाहण्यासारखे आहे. जर्मनांनी खोडण्या-उतरवण्याचे आपले घरचे क्रियापद असतानाही संपासाठी इंग्रजांचाच शब्द उचलला आणि ‘श्ट्राइक’ असा आपल्या वळणाने लिहिला. फ्रेंच लोक संपाला ‘ग्रेव्ह’ म्हणतात. ग्रेव्ह म्हणजे नदीकाठची वाळूची, गोट्यांची जागा. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी ह्या नावाचा चौक होता. काम नसलेले मजूर तेथे येऊन कामाची वाट पाहत उभे राहत. आधी त्या चौकात उभे राहणे म्हणजे बेकार असणे. पुढे काम नाकारून उभे राहणे ह्यासही तेच नाव पडले. आमच्या शहरांतून पहाटे नाक्यावर थापी आणि घमेले घेऊन उभे राहणारे नाका कामगार ज्याने पाहिले आहेत, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

आणि आपला ‘संप’? हा शब्द आम्हांला सर्वांत गोड वाटतो. गुजरातीत आजही ‘संप’ म्हणजे एकोपा. ‘संप त्यां जंप’, म्हणजे एकी असेल तेथे शांती, अशी त्यांच्यात म्हणच आहे. मराठीतही जुन्या वापरात संप म्हणजे जूट, एकमत. लोकमान्यांना २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. १९२८ साली मुंबईच्या गिरण्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बंद राहिल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्याचा शेवट कसा झाला हे लालबाग-परळला विचारावे. ह्या सगळ्यांना आपण संप म्हटले. इंग्रजाने काय खाली आले ते पाहिले, फ्रेंचाने माणूस कोठे उभा आहे ते पाहिले. मराठी माणसाने माणसे एकत्र आली हे पाहिले. कायद्याच्या व्याख्येतही निर्णायक अट तीच आहे, हे वर आलेच. म्हणून कामगारांना आम्ही नेहमी सांगतो की गिरणी बंद पडली म्हणजे संप झाला असे समजू नका. आधी तुमच्यात संप आहे का ते पाहा.

आता व्यवहाराचे दोन शब्द. इंग्रजी पत्रात हे क्रियापद दिसले की एकदम अर्थ लावू नये. त्याच्यापुढे काय आहे ते पाहावे. ‘ऑफ’ किंवा ‘आउट’ असेल तर काहीतरी खोडले जात आहे : नाव, कलम, नाहीतर तुमची नोकरी. ‘डाउन’ असेल तर कोणीतरी पडले आहे किंवा कायदा रद्द झाला आहे. ‘बार्गेन’ असेल तर सौदा ठरला आहे. ‘ऑन’ हा शब्द आधी आला असेल, तर संप. आणि खोडण्याची भाषा फक्त कामगारापुरती नसते, हेही ध्यानात असावे. कंपन्यांचे निबंधक बंद पडलेल्या कंपनीचे नाव आपल्या नोंदवहीतून काढतात, त्यासही ‘स्ट्राइक ऑफ’च म्हणतात, २०१७ साली देशातील दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे अशी निघाली. आपली कंपनी त्या यादीत येऊ घातली असेल तर थकलेल्या पगाराचा आणि ग्रॅच्युइटीचा दावा आधी दाखल करावा. लेखणी फिरून गेल्यावर कचेऱ्यांचे उंबरठे दुप्पट झिजवावे लागतात.

परंतु सगळा भार कामगाराच्या कोशावर टाकणे आम्हांला न्यायाचे वाटत नाही. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात एक शहाणपणाचे कलम होते : कारखान्याचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत, दोन्हींत, फलकावर लावले पाहिजेत. नियमांना जी भाषा लागू होती, तीच त्या नियमांखाली निघणाऱ्या पत्राला का नसावी? ज्या कागदाने माणसाची अकरा वर्षांची नोकरी जाते तो कागद त्याला वाचता आला पाहिजे, ही काही मोठी मागणी नव्हे. आमच्या युनियनने गेल्या तीन करारांत हे कलम मागितले. दोन ठिकाणी ते मिळाले, एका ठिकाणी मालकांनी ते मसुद्यातून काढून टाकले. मसुद्याच्या त्या प्रतीवर कलमाच्या आरपार एक सरळ रेघ आहे, आणि समासात तेच क्रियापद लिहिले आहे. पुढच्या करारात ते कलम आम्ही पुन्हा घालणार आहोत, आणि ह्या वेळी मसुदा मराठीत लिहिणार आहोत.